चित्रकलेच्या कॉलेजसाठी चौदा लाखांचं कर्ज काढावं का?

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात पंधरा दिवस दुसरा विषय नाही, आणि ज्यांना विचारावं असं चित्रकलेतलं नात्यात कुणी नाही.

लेक यंदा बारावी झाली, सायन्स, ७८ टक्के. तिला बीएफए, म्हणजे ललितकलेची पदवी करायचीय, तीही पेंटिंगमध्ये. हे कालचं खूळ नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा, दोन्हींना ए ग्रेड. इंटरमिजिएटचे ७ गुण दहावीच्या निकालात धरले गेले तेव्हा ह्यांनीच गल्लीत पेढे वाटले होते. आता तेच म्हणतात, गुण मिळाले, हौस फिटली, पुरे.

सीईटी देऊन झाली आहे. सरकारी कॉलेज लागलं तर काळजी नाही, तिथली फी झेपेल. नाही लागलं तर? पुण्याकडचं एक खासगी कॉलेज बघून आलो. फी वर्षाला अडीच लाख, राहणं-जेवण धरून साडेतीन. चार वर्षांचे चौदा लाख, रंग-कागद वेगळे. आमची दीड एकर द्राक्षं, गेल्या साली अवकाळीने घड कुजले. म्हणजे कर्जच काढावं लागणार.

ह्यांचं म्हणणं, इंजिनिअरिंग कर, रविवारी चित्रं काढ, कोण नको म्हणतंय? लेक म्हणते, रविवारी काढून हात तयार होत नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप नाही.

ज्यांनी हे शिक्षण घेतलंय त्यांनी सांगा. चार वर्षांत तिथे असं काय मिळतं, जे घरी बसून मिळत नाही? आणि त्यासाठी चौदा लाख मोजावेत का?

डोंबिवली_फास्ट_नाही | ३ जून, रात्री १०:४०

वाचतेय. मुलगा नववीत आहे. गणिताच्या वहीत गणितं कमी आणि घोडे जास्त.

पिक्सेलपंत | ३ जून, रात्री ११:०५

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, आर्टिस्ट भरतीच्या मुलाखतींना बसतो. आजवर एकाही उमेदवाराला आम्ही पदवी विचारलेली नाही. पोर्टफोलिओ उघडायचा, पंधरा-वीस कामं बघायची, पाच मिनिटांत कळतं. आमच्यातला सर्वांत चांगला कॅरेक्टर आर्टिस्ट, म्हणजे गेममधली पात्रं घडवणारा, बी.कॉम. आहे.

शरीररचना, परस्पेक्टिव्ह, रंगशास्त्र, सगळं आज ऑनलाईन आहे, बरंचसं फुकट. चौदा लाखांतले दोन लाख खर्चून चांगला संगणक आणि पेन टॅब्लेट घ्या, रोज आठ तास बसू दे. दोन वर्षांत कमावती होईल. उरलेले बारा लाख मुळात काढायचेच नाहीत.

टर्पेंटाईन | ४ जून, सकाळी ७:३०

मी जेजेचा, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाचा, ऐंशीच्या दशकातला. पिक्सेलपंत म्हणतात ते नोकरीपुरतं खरं आहे. पण ताईंनी नोकरीचं विचारलेलं नाही, काय मिळतं ते विचारलंय. एक दिवस सांगतो.

दुसऱ्या वर्षाला लाईफ क्लास होता. मॉडेल म्हणून एक म्हातारे गृहस्थ उभे राहत, एका पायावर भार टाकून. मी तीन तास घालून चित्र केलं. चेहरा जमला, हाताच्या शिरासुद्धा जमल्या, आणि माणूस पडतोय असं दिसत होतं. काय चुकलंय ते मला कळेना. सर मागे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. खिशातून दोरा काढला, त्याला खोडरबर बांधलं, आणि एक डोळा मिटून तो दोरा मॉडेलच्या गळ्याच्या खाचेसमोर धरला. खोडरबर खाली लोंबत होतं ते बरोबर भार असलेल्या पायाच्या घोट्याशी. मग तोच दोरा माझ्या कागदावर धरला. घोटा चार बोटं लांब. सर पुढच्या बोर्डाकडे निघून गेले.

ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात आहे, मी वाचलेलीही होती. पण माझ्या कागदावर, माझ्या चुकीवर कुणीतरी दोरा धरला तेव्हा ती अंगात उतरली. आज चाळीस वर्षांनीही उभा माणूस काढताना आधी तो दोरा दिसतो. व्हिडिओ तुम्हाला शिकवतो, तुमचं चित्र बघत नाही.

आणि आजूबाजूला तीस जणं तेच मॉडेल तीस जागांवरून काढत असतात. संपलं की सगळे बोर्ड भिंतीला लावायचे. तिथे आपण कुठे आहोत ते कुणी न सांगता दिसतं. घरी बसून काढणाऱ्या मुलीला तिच्या चित्राशेजारी फक्त कौतुक दिसतं.

सातबारा | ४ जून, सकाळी ८:१५

टर्पेंटाईन काका, दोऱ्याचं वाचून अंगावर काटा आला. पण तुमच्या काळची फी किती होती तेही लिहा.

टर्पेंटाईन | ४ जून, सकाळी ८:३२

अगदी नाममात्र. खर्च व्हायचा तो रंगांवर. म्हणूनच चौदा लाखांवर मी अजून काही बोललेलो नाही. जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली या शाळेसाठी लाख रुपये दिले, १८५७ साली वर्ग सुरू झाले. आमच्या शिक्षणाचे पैसे कुणीतरी आधीच मोजून ठेवलेले होते.

कुंचलाप्रेमी | ४ जून, सकाळी ११:२०

आर. के. लक्ष्मण यांना जेजेने प्रवेश नाकारला होता. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात डॉक्टरकी करता करता चित्रं काढली आणि आज देशातल्या मोठ्या चित्रकारांत त्यांचं नाव आहे. जिव्या सोमा म्हसे डहाणूकडचे वारली चित्रकार, २०११ साली पद्मश्री, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. ताई, प्रतिभा असेल तर वाट सापडते.

जुनी_पेठ | ४ जून, दुपारी १:०२

कुंचलाप्रेमी, अशी यादी दुसऱ्या बाजूनेही होते. रझा आधी नागपूरला, मग जेजेत शिकले. गायतोंडेंनी जेजेचा डिप्लोमा १९४८ साली घेतला. वासुदेव कामतही जेजेचे, अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार त्यांना २००६ साली मिळाला. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, घरात सुतारकाम. गावच्या शिक्षकांनी मुलाचा हात ओळखून जेजेचा रस्ता दाखवला, आणि त्याच हाताने पुढे नर्मदेकाठचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला. त्यांच्या घरच्यांना चौदा लाख भरा म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

म्हसे यांचं उदाहरण तर मला उलटं वाटतं. वारली चित्रं काढणाऱ्या घरात वाढणं हीच एक शाळा आहे, आणि तिथे चार वर्षं नाही, अख्खं बालपण शिकण्यात जातं.

सातबारा | ४ जून, दुपारी १:४०

गायतोंडेंचं चित्र २०१५ साली मुंबईत लिलावात २९ कोटींच्या वर गेलं होतं ना? मग पैसा नाही असं कोण म्हणतं!

जुनी_पेठ | ४ जून, दुपारी १:५५

२०१५ साली. गायतोंडे गेले २००१ साली.

आखणीवाला | ४ जून, रात्री ९:४८

सध्या हंगाम आहे, दिवसा मोबाईल हातात घ्यायला फुरसत नाही. पेणला आमचा गणपतींचा कारखाना, मी तिसऱ्या पिढीचा. जुनी_पेठ यांनी घरातल्या शाळेचं लिहिलं म्हणून लिहितो.

आमच्याकडे डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. मूर्ती रंगून, सोनेरी लागून, वाळून तयार असते. आखणी बिघडली तर सगळी मेहनत पाण्यात. बारीक ब्रश, काळा रंग पातळही नाही आणि घट्टही नाही, श्वास रोखायचा, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात घ्यायची. मध्ये थांबलात की तिथे गाठ दिसते. बुबुळ असं बसवायचं की पाटावर बसून पूजा करणाऱ्याला वाटलं पाहिजे, बाप्पा माझ्याकडेच बघतोय. मला बाबांनी आठ वर्षं आखणी करू दिली नाही. आधी पाय, मग सोंड, मग शेला, मग दागिने. नवव्या वर्षी ब्रश हातात दिला.

फी एक रुपया नाही. पण मी पुढे कलेचा फाऊंडेशन कोर्स आणि मग शिल्पकलेचा डिप्लोमा केला, आणि ते का केलं ते सांगतो. मला बाबांचा गणपती डोळे मिटून करता येत होता, पण माणसाचा चेहरा करता येत नव्हता. सांगाडा माहीत नव्हता, गालाचं हाड कुठून कुठे जातं ते माहीत नव्हतं. एका गिऱ्हाईकाने त्याच्या वारलेल्या वडिलांचा अर्धपुतळा मागितला आणि मी नाही म्हटलं, त्या दिवशी ठरवलं. आज हंगाम सोडून उरलेले महिने पुतळ्यांच्या कामावर चालतात.

ताई, पोरीचा हात तयार आहे असं ग्रेडवरून वाटतं. पण ती कुठे अडते आहे ते तिला विचारा. जिथे अडते त्यासाठी कॉलेज.

फिलीची_चिमणी | ५ जून, पहाटे ४:२०

फिलाडेल्फियाजवळून लिहितेय. इथल्या नावाजलेल्या खासगी आर्ट स्कूलची नुसती फी वर्षाला ५०-६० हजार डॉलर. मुलं विद्यार्थी-कर्ज काढतात आणि चाळिशीपर्यंत फेडत बसतात. एवढी फी घेऊनही शाळा टिकतातच असं नाही. आमच्या शहरातली युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या सूचनेवर बंद झाली. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ सालची, तीही २०२२ साली बंद पडली. आमच्या शहरातली शाळा बंद झाली तेव्हा शेजारची मुलगी तिथे तिसऱ्या वर्षाला होती, कॅनव्हास गाडीत भरून रडत घरी आली होती. खासगी कॉलेज निवडलंत तर ते किती वर्षं चालू आहे, आर्ट विभागात कायम शिक्षक किती, हे आधी विचारा.

निळी_शाई | ५ जून, सकाळी १०:३०

खूप वेळ लिहू की नको करत होते. कृष्णाकाठ ताई, मी तुमच्या मुलीच्या जागेवर होते, म्हणून लिहितेच.

खासगी कॉलेज, सहा लाखांचं कर्ज. कॉलेजचं नाव घेणार नाही. माहितीपत्रकात लिथोग्राफीचं, म्हणजे शिळाछपाईचं मशीन होतं, प्रत्यक्षात ते चार वर्षं ताडपत्रीखाली झाकलेलं होतं, चालवणारा माणूसच नेमलेला नव्हता. लाईफ क्लासला मॉडेल महिन्यातून एकदा, एरवी आम्हीच एकमेकींसमोर बसायचो. तरी मला ती वर्षं वाया गेली असं वाटत नाही. एक तरुण मॅडम होत्या, तासिकेवर यायच्या, त्यांनी मला जलरंग दिले. मैत्रिणी मिळाल्या, आजही काम त्यांच्याकडूनच येतं. एक टीव्ही मालिकांच्या कलादिग्दर्शनात आहे, एक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते.

पण पदवी मिळाली आणि हप्ता सुरू झाला. मला एका प्रदर्शनाची तयारी करायची होती, डोक्यात बारा चित्रं होती. पण दर महिन्याला हप्ता होता. पॅकेजिंगच्या ऑफिसात लागले, फरसाणच्या पिशव्या. काम वाईट नाही, तिथेही शिकले. पण सकाळी नऊ ते रात्री आठ, रविवारी झोप. पाच वर्षांनी कर्ज फिटलं तेव्हा ती बारा चित्रं काढायला बसले, आणि त्यातली चारच आठवत होती.

लोक विचारतात पदवीतून पैसे सुटतात का. माझ्या मते चित्रकाराचं पहिलं भांडवल म्हणजे पदवीनंतरची दोन-तीन वर्षं. तेव्हा हात गरम असतो, डोकं भरलेलं असतं, गरजा कमी असतात. कर्जाने माझी नेमकी तीच वर्षं नेली. जरूर शिकवा तिला, पण ती वर्षं गहाण पडतील असं शिकवू नका.

डोंबिवली_फास्ट_नाही | ५ जून, सकाळी १०:५५

निळी शाई, उरलेली चार चित्रं काढलीत का?

निळी_शाई | ५ जून, सकाळी ११:०१

तीन झाली. चौथं चालू आहे.

खडू_फळा | ५ जून, संध्याकाळी ६:१०

मी कलाशिक्षक, सातारा जिल्हा. दहावीनंतर एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलं, तेव्हा घरच्यांना खात्री होती की नोकरी लागणार. आज ती खात्री मी कुणाला देत नाही. कलाशिक्षकांच्या जागा निवृत्तीनंतर भरल्या जात नाहीत, बऱ्याच शाळांत मानधनावर भागवतात. त्यामुळे 'निदान ड्रॉइंग टीचर तरी होईल' या हिशेबाने कर्ज काढू नका.

आता उपयोगाचं. सरकारी कॉलेज म्हणजे फक्त मुंबई नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालय आहे. पालक फक्त जेजेला अर्ज करतात आणि मग खासगीकडे वळतात. तिन्हीकडे अर्ज करा. शिवाय कोल्हापूर तुम्हाला तासाभराच्या अंतरावर. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या परंपरेचं गाव. तिथल्या जुन्या कलासंस्थांची फी तुम्ही बघितलेल्या कॉलेजच्या मानाने बरीच कमी असते. आधी चौकशी करून या.

पर्वरीकार | ५ जून, रात्री ८:४४

गोव्यात आमचं गोवा कला महाविद्यालय पणजीच्या आल्तिनो टेकडीवर, १९७२ सालचं, सरकारी. चित्रकार लक्ष्मण पै तिथे प्राचार्य होते. मी तिथलाच. बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी जागा मोजक्या, पण विचारून बघायला हरकत नाही. डोंगरावरून मांडवी दिसते, पावसाळ्यात वर्ग सुटला की आम्ही छत्र्या घेऊन लँडस्केपला. माशांची कढी विषयबाह्य आहे, तरी नमूद करतो.

सातबारा | ५ जून, रात्री ८:५०

कढी हाच मूळ विषय समजून अर्ज भरतो.

बोर्डपेंटरचा_मुलगा | ६ जून, दुपारी १२:१५

थोडं अवांतर. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चुन्यात भिजवलेली दोरी ताणून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटायची, मग हात टेकायला काठी आणि एनॅमलने अक्षरं. 'श्री' काढताना त्यांचा ब्रश पाटीवरून उचलला जायचा नाही. मग फ्लेक्स आला. दोन वर्षांत काम संपलं. ते वॉचमन झाले.

आता माझा भाऊ इलस्ट्रेटर आहे आणि एआयने त्याच्या पोटावर तसाच पाय ठेवलाय. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचं काम निम्म्यावर आलंय. पिक्सेलपंत, दोन वर्षांत कमावती होईल म्हणालात, ते अजून तसंच आहे का?

पिक्सेलपंत | ६ जून, दुपारी २:३०

प्रामाणिक उत्तर देतो. नाही. नवशिक्यांची भरती आमच्याकडे कमी झाली आहे. आणि आता जी मुलं टिकतात ती कोण, हे काल दिवसभर आठवत होतो. ज्यांना हाताने, कागदावर, समोर बघून काढता येतं ती. मशीनने काढलेल्या हातात काय चुकलंय ते त्यांनाच दिसतं. आमच्या बी.कॉम.वाल्याला काल विचारलं, तू शिकलास कुठे? तो म्हणाला, सात वर्षं दर रविवारी एका निवृत्त चित्रकाराकडे जायचो. म्हणजे त्याच्याही कागदावर कुणीतरी दोरा धरत होतं. टर्पेंटाईन काकांचं मला पटलं. चौदा लाखांचं अजून पटलेलं नाही.

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. ह्यांनीही ऐकले, पेपर तोंडासमोर धरून. आखणीवाला दादांनी सांगितलेलं तिला विचारलं, कुठे अडतेस? ती वही घेऊन आली. आजीची दहा-बारा स्केचेस. म्हणाली, आजी बसलेली मला जमते, पण उठताना जमत नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती उठते तेव्हा वजन कुठे जातं ते मला दिसतं पण काढता येत नाही. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि ती वही बराच वेळ बघितली. बोलले काही नाहीत.

खडू_फळा सरांचं ऐकून तिन्ही सरकारी कॉलेजं भरणार आहोत.

टर्पेंटाईन | ७ जून, सकाळी ६:५०

उठणारी आजी काढायची म्हणणाऱ्या मुलीला थांबवू नका. आजींना सांगा दिवसातून चार वेळा जास्त उठा.

कृष्णाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:२०

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, पुष्कळांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

सरकारी कॉलेज लागलं नाही. संभाजीनगरची जागा थोडक्यात हुकली. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. खासगी कॉलेजचा फोन आला, जागा धरून ठेवायला पन्नास हजार भरा. ह्यांनी चेकबुक काढलं होतं, खरं सांगते. लेकच नको म्हणाली. म्हणाली, निळी शाई ताईंची बारा चित्रं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

ठरलंय ते असं. यंदा एक वर्ष कोल्हापूरला एका ज्येष्ठ चित्रकारांकडे आठवड्यातून तीन दिवस, एसटीने जाऊन-येऊन. ते पोर्ट्रेट आणि निसर्गचित्र शिकवतात, महिन्याचे तीन हजार. बाकी दिवस घरी काम, आणि पुन्हा सीईटी. पुढच्या वर्षीही सरकारी नाही लागलं तर कोल्हापूरच्याच कॉलेजात, तिथली फी कर्जाशिवाय जमते, बघून आलो. नातेवाईक वर्ष वाया गेलं म्हणतात. म्हणू देत.

आता एक विचारायचं होतं. सरांकडे बसून काढायला लाकडी बाक आहे, पुढे बोर्ड टेकवायला उभी फळी असलेला. डाँकी म्हणतात म्हणे. ह्यांनी तो बघितला आणि घरी आल्यावर माळ्यावरून द्राक्षांच्या जुन्या लाकडी पेट्या काढल्यात, तसाच करणार म्हणून. मापं कुणी देईल का?

खडू_फळा | ११ ऑगस्ट, रात्री ९:५५

ताई, पेट्यांचं लाकूड बसायला चालणार नाही, पातळ असतं, वाकेल. ते पुढच्या टेकूला वापरा. बसायची फळी जाड घ्या, साडेतीन फूट लांब, दहा इंच रुंद, जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच. टेकूची फळी किंचित पुढे, बसणाऱ्यापासून दूर झुकलेली ठेवा, म्हणजे बोर्ड तिला उभा टेकला की कागद डोळ्यांसमोर सरळ येतो. बोर्ड घसरू नये म्हणून बसायच्या फळीवर आडवी पट्टी ठोका.

आखणीवाला | ११ ऑगस्ट, रात्री ११:४०

आणि सगळ्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्यायला सांगा दादांना. दिवसाचे सहा तास मांड्या लागणार आहेत त्याला.